चंद्रावरच्या हॅबिटॅटसाठी रोबो आर्म, मोटर निवडताना गंडलोय का?

थर्डइयर_मेक
आम्ही चौघं मुंबईत मेकॅनिकलला आहोत, कॉम्पिटिशनसाठी चंद्रावरच्या हॅबिटॅटचा (माणसांनी राहायच्या बंद घराचा) रोबो आर्म करतोय, 6 किलोच्या सामानाच्या बॅगा उचलून रॅकवर ठेवायच्या, बास. तिथे ग्रॅव्हिटी एक षष्ठांश म्हणून मोटर पण त्या हिशोबाने छोट्या घेतल्या, लॅमिंग्टन रोडवरून आणल्या सुद्धा. आता सर म्हणतात परत विचार करा. चुकलं काय? आणि इथे टेस्ट कसं करायचं?

विरार_फास्ट
वजन कमी होतं रे, वस्तुमान नाही. बॅग नुसती धरून ठेवायला 1 किलोसारखी वाटेल पण वेगात फिरवून थांबवायला गेलास की पूर्ण 6 किलोची. लोकलने ब्रेक मारल्यावर मागचा माणूस अंगावर येतो त्यात ग्रॅव्हिटीचा काय संबंध, तसंच. एकतर हळू फिरव नाहीतर मोटर बदल.

जुना_फिटर
आधी हे सांगा, आर्म हॅबिटॅटच्या आत आहे की बाहेर? आत हवा असते, पंखा लावून मोटर थंड होते. बाहेर निर्वात, पंख्याचा उपयोग शून्य, उष्णता धातूतून रेडिएटरपर्यंत न्यावी लागते, साधं ग्रीस उडून जातं म्हणून मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारखं कोरडं वंगण लागतं. आणि धूळ! तिथे वारा-पाणी नाही म्हणून कण झिजलेच नाहीत, काचेसारखे धारदार. 1972 ला अपोलो 17 च्या चंद्रावरच्या गाडीचं फेंडर (मडगार्ड) तुटलं तर धूळ इतकी उडायला लागली की नकाशे टेपने चिकटवून नवीन फेंडर बनवावं लागलं. सांध्यांना सील लावलंय का ते तुमच्या ड्रॉइंगमधे आधी बघा.

विरार_फास्ट
धुळीच्या टेस्टला क्रशरची बारीक पूड आणा, आपला दगड बेसॉल्टच, चंद्रावरचे काळे डाग पण बेसॉल्टचेच. दक्षिण ध्रुवाकडची माती वेगळी असते पण सील घासून बघायला चालेल. ग्रॅव्हिटीसाठी बॅगेला दोरी, वर कप्पी, पलीकडे 5 किलो. फक्त त्या 5 किलोचं जडत्व पण मधे येतं, स्प्रिंग बॅलन्सर (वरून टांगून स्प्रिंगने वजन तोलून धरणारं यंत्र) मिळाला तर भारी.

थर्डइयर_मेक
आर्म आतच आहे, पण सूट घालून आलेल्यांबरोबर धूळ आत येणारच ना, सील टाकतो. बॅलन्सर मिळेल कुठे?

जुना_फिटर
नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात विचार, शनिवारी दुपारच्या आत जा.