'व्हॉलटाइल'साठी 'अस्थिर' हा शब्द पुरेसा आहे का?

प्रश्न:
मी कोल्हापुरात भाषांतराचे काम करते. सध्या हाती असलेल्या इंग्रजी अहवालात शाहू मार्केट यार्डातील गुळाच्या दरांना 'व्हॉलटाइल' म्हटले आहे. मी 'अस्थिर' असे लिहिले खरे, पण अस्थिर म्हटले की कोसळण्याच्या बेतात असलेली वस्तू डोळ्यांसमोर येते. इथे तर दर एका सौद्यात चढतो आणि पुढच्याच सौद्यात उतरतो. शिवाय भाच्याच्या विज्ञानाच्या पुस्तकात याच शब्दाला 'बाष्पनशील' म्हटले आहे. हे दोन अर्थ एका शब्दात कसे आले असावेत?

उत्तर १ (निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक):
ताई, या शब्दाचे मूळ लॅटिनमधील 'व्होलारे' म्हणजे उडणे या क्रियापदात आहे, आणि ते लक्षात घेतले की दोन्ही अर्थ जुळतात. आपणही डबीचे झाकण उघडे राहिले तर कापूर 'उडून गेला' असेच म्हणतो. अत्तर उडते, पेट्रोल उडते. सामान्य तापमानाला जो पदार्थ सहज वायुरूप होतो तो व्हॉलटाइल. जे धरून ठेवता येत नाही, ती वस्तू असो वा भाव, हाच या शब्दाचा गाभा आहे. वीज जाताच संगणकाच्या रॅममधील, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीतील, माहिती नाहीशी होते, म्हणून तिलाही व्हॉलटाइल मेमरी म्हणतात.

उत्तर २:
सरांचे विवेचन पटले. बाजाराच्या संदर्भात मात्र एक गोष्ट सांभाळावी लागेल. तिथे हा शब्द केवळ घसरण दाखवत नाही, तर थोड्या काळात दोन्ही दिशांना होणारे मोठे चढउतार दाखवतो. दर दिवसागणिक निश्चित गतीने घसरत असेल, तर तो तोट्याचा असला तरी व्हॉलटाइल नव्हे. म्हणून 'गुळाच्या दरात वारंवार तीव्र चढउतार होतात' असे सरळ वाक्य मला 'अस्थिर'पेक्षा अचूक वाटते.

उत्तर ३:
माणसाच्या स्वभावाविषयी हा शब्द आला तर 'शीघ्रकोपी' पुरत नाही, कारण त्यात रागच उरतो आणि मनःस्थितीचे क्षणात पालटणे निसटते. तिथे 'लहरी' किंवा 'चंचल' अधिक जवळचा ठरतो. तणावाच्या परिस्थितीसाठी मात्र 'स्फोटक' योग्य आहे. पंचगंगेच्या पुरात भिजून कलंडलेल्या भिंतीला व्हॉलटाइल म्हणू नये. तिच्यासाठी इंग्रजीत 'प्रिकेअरियस' आहे, आणि आपला 'डळमळीत' तिथेच शोभतो.

प्रश्नकर्ती:
तिघांचीही मी ऋणी आहे. अहवालात 'तीव्र चढउतार' घेतले आणि 'अस्थिर' काढून टाकला.