लँडॉअर मर्यादेचं तुणतुणं

साक्षेपी: 'प्रोसेसर लँडॉअर मर्यादेला टेकले, आता प्रगती संपली' ही पोस्ट सगळीकडे फिरतेय. अहो, आकडे तरी बघा! लँडॉअर मर्यादा म्हणजे एक बिट पुसायला लागणारी, तापमानाच्या प्रमाणात ठरणारी किमान ऊर्जा: ३०० केल्विनला, म्हणजे साधारण खोलीच्या तापमानाला, २.८७ झेप्टोज्यूल. वायरसकट १ फेम्टोफॅरडचा नोड (सर्किटमधला जोडबिंदू) ०.७ व्होल्टला चार्ज करताना रोधात जळतात २,४५,०००. पंच्याऐंशी हजारपट! याला टेकणं म्हणतात?

खडूस_गेट: मग व्होल्टेज उतरवून दाखवा. ३०० केल्विनला करंट दहापट घटवायला गेटवर (ट्रान्झिस्टरच्या नियंत्रक टोकावर) किमान ६० मिलिव्होल्ट लागतात. थ्रेशोल्ड (ट्रान्झिस्टर चालू होण्याचं व्होल्टेज) खाली आणला की बंद ट्रान्झिस्टरही गळतो. डेनार्ड स्केलिंग (ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवणं) २००५-०६च्या सुमारास त्यातच अडकलं. मर्यादा तापमानाचीच आहे, लँडॉअरचं नाव नसलं म्हणून काय झालं?

शीतयोगी: तापमानाचीच ना? मग ४ केल्विनला चालवा. मर्यादा ७५पट खाली.

साक्षेपी: आले क्रायोस्टॅटवाले (अतिथंड पेटीवाले)! तिथली १ ज्यूल उष्णता ३०० केल्विनला आणून टाकायला आदर्श कार्नो यंत्रालाही (सिद्धांतानुसार सर्वांत कार्यक्षम फ्रिजलाही) ७४ ज्यूल लागतात. एकूण ७५. कमावलं तेवढं भरलं.

शीतयोगी: तो हिशोब मर्यादा गाठलेल्या यंत्राचा. आपण ८५ हजारपट वर आहोत, हे तुमचंच वाक्य. ७७ केल्विनला कार्नोचा भुर्दंड दर ज्यूलमागे फक्त २.९ ज्यूल. थंडीत स्विचिंग तीव्र होतं, व्होल्टेज निम्मं केलं तर ऊर्जा चौथाई. जमतं की!

खडूस_गेट: जेमतेम, तेही आदर्श फ्रिज असेल तर. फ्रिज कार्नोच्या एक तृतीयांश क्षमतेचा धरा, भुर्दंड ८.७. आता ०.७चे ०.२२ व्होल्ट करा, तेव्हा कुठे बरोबरी. आणि थंडीत थ्रेशोल्ड वर चढतो, तो आधी खाली ओढा.

शीतयोगी: गेटचं वर्क-फंक्शन (त्याच्या धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) बदलून ओढता येतो. 'जमणार नाही'ची जपमाळ ठेवा आता.

उलटगणक: फ्रिज आवरा. भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स बेनेटनं १९७३मध्येच दाखवलं की मधली उत्तरं पुसण्याऐवजी गणित उलटं चालवून मोकळी केली, तर पुसण्याची किंमत टळते. सर्किटमध्येही रॅम्पनं, म्हणजे व्होल्टेज हळूहळू चढवत, आरसीच्या (रोध गुणिले धारिता, सर्किटचा स्वाभाविक चार्जिंग-वेळ) दहापट वेळ घेऊन चार्ज केलं, तर सीव्ही-वर्गाचे (धारिता गुणिले व्होल्टेजचा वर्ग) १० टक्के जळतात. एरवी ५०.

खडूस_गेट: वा! पाचपट बचत, मान्य. फक्त घड्याळ मंद, तेवढा वेळ गळती चालूच, आणि रॅम्प पुरवणाऱ्या रेझोनेटरचा क्यू (ऊर्जा न गमावता टिकवण्याची क्षमता) कमी असला की वाचवलेलं तिथे जळणार.

मेमरीग्रस्त: भांडा लॉजिक गेटवरून. ४५ नॅनोमीटरच्या चिप-तंत्रात ३२ बिटांची पूर्णांक बेरीज ०.१ पिकोज्यूल, तेच ३२ बिट डीरॅममधून (मुख्य मेमरीतून) आणायला ६४०च्या आसपास. गेट फुकट झाले तरी बिलात फरक दिसणार नाही.

साक्षेपी: मुद्दा बिनतोड. धागा मात्र गेटांचाच होता.