टार्गेट १६००, खातो १२००: यात चुकलं काय?

गोदाकाठ (धागाकर्ता)
दिवाळीचा फराळ संपला त्या आठवड्यात काट्यावर उभा राहिलो, ८४ किलो. वय ४२, उंची पाच फूट सात इंच, काम दिवसभर खुर्चीत. मोबाईलवर ॲप घेतलं. ते म्हणालं, आहे ते वजन टिकवायचं तर रोज साधारण २२०० कॅलरी, उतरवायचं तर १६००. मी १२०० वर थांबतो. सकाळी बिनसाखरेचा चहा आणि वाटीभर पोहे, डब्यात दोन पोळ्या-भाजी, रात्री बाजरीची एक भाकरी, भाजी, ताक. झोपताना ॲपवर '४०० शिल्लक' असं हिरव्या अक्षरांत दिसलं की महिनाअखेरीला खात्यात पैसे उरल्यासारखं वाटतं.

सात आठवड्यांत ३.७ किलो उतरले.

बायको म्हणते, तुम्ही डाएट करत नाही, उपाशी राहता आणि त्याचा राग आमच्यावर काढता. माझं म्हणणं, १६०० ही वरची मर्यादा आहे. हायवेवर ८० ची पाटी दिसली म्हणून ८० नंच गाडी हाणली पाहिजे असं थोडंच आहे? टार्गेटच्या खाली राहिलं तर वजन लवकर उतरणार, साधं गणित आहे. चूक असेल तर दाखवा. 'मन मारू नका, सगळं खा' हे सांगू नका, तेच करून ८४ झालो.

तालीमवाला
कसारा घाटात २० नं गाडी चालवून बघा, मागचे काय म्हणतात ते ऐका.
अहो भाऊ, २२०० मधून ६०० ॲपनं आधीच कापलेत. सुतारानं माप घेऊन फळी कापून दिली आणि तुम्ही घरी आणून तीच फळी परत कापताय. वर तुमच्या ताटात प्रथिनं तीस ग्रॅमसुद्धा भरणार नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबानं किलोमागे ०.८३ ग्रॅम लागतात, म्हणजे तुम्हाला सत्तरच्या आसपास. ती मिळाली नाहीत की चरबीबरोबर स्नायूही जातात. काट्याला काय, तो दोन्ही सारखंच मोजतो.
अमेरिकेत मिनेसोटामध्ये १९४४-४५ साली ३६ तरुणांना २४ आठवडे रोज साधारण १५७० कॅलरींवर ठेवलं होतं. वजन पाव हिश्शानं उतरलं, पण ती पोरं दिवसभर पाककृतींची पुस्तकं चाळत बसायची, ताटल्या चाटायची. तुम्ही तर त्यांच्यापेक्षाही कमी खाताय. वहिनींवर चिडाल नाही तर काय कराल!

पासधारक_नाशिकरोड
मिनेसोटाची पोरं मुळात सडपातळ होती, आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालायची. इथे खुर्चीत बसलेलं पोट आहे. तुलना कशाला?
मी दीक्षित सरांच्या पद्धतीनं दिवसातून दोनदाच जेवतो, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत. सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडतो, ऑफिसात पोचलो की पहिलं जेवण, रात्री घरी दुसरं. ११ किलो गेले, एक कॅलरी मोजली नाही. आपले आजोबा कुठे कॅलरी मोजत होते?

सिडकोची_मावशी
आजोबा नांगर धरत होते हो, खिडकीची जागा नाही.
आणि दोनदा जेवलात म्हणजे आपोआप कमीच खाल्लंत. ५५ मिनिटं मिळाली म्हणून रोज दोन प्लेट मिसळ, तर्री एक्स्ट्रा, वर जिलबी असं करून दाखवा आणि मग ११ किलोचं सांगा.

पासधारक_नाशिकरोड
मावशी, मिसळीला मध्ये आणू नका. नाशिकच्या माणसाचा धर्म बाटतो.

जमाखर्च
धागाकर्त्यांचा ताळेबंद मला जुळत नाही. धंद्यानं हिशोबनीस आहे, राहवलं नाही.
२२०० जाळता आणि १२०० खाता, म्हणजे रोजची तूट १०००. ४९ दिवसांची ४९,०००. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी धरतात, म्हणजे ६.४ किलो उतरायला हवे होते. उतरले ३.७. उलटीकडून आलो तर ३.७ गुणिले ७७००, भागिले ४९, रोजची तूट निघते ५८० च्या आसपास. म्हणजे रोज चारशेच्या वर कॅलरी कुठेतरी गायब आहेत. (पहिल्या आठवड्यात पाणीही उतरतं. ते धरलं तर फरक वाढतोच.)

तालीमवाला
गायब कुठे झाल्या ते मी सांगतो. कमी खाल्लं की शरीर हात आखडता घेतं. अमेरिकेतल्या वजन उतरवण्याच्या टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं, २०१६ साली ते छापून आलं. त्यांचं शरीर बसल्या जागी जेवढं जाळायला हवं त्यापेक्षा रोज पाचशेच्या आसपास कमी जाळत होतं. भाऊ त्याच वाटेवर आहेत.

जमाखर्च
त्या लोकांनी पन्नास-पन्नास किलो उतरवले होते, दिवसाचे कित्येक तास व्यायाम करून. पावणेचार किलोला तो न्याय कसा लागेल?
मला वेगळा संशय आहे. १९९२ मध्ये न्यूयॉर्कला दहा जणांचा अभ्यास झाला. सगळ्यांचं म्हणणं एकच, आम्ही १२०० पेक्षा कमी खातो तरी वजन हलत नाही. तपासलं तर त्यांचं शरीर व्यवस्थित जाळत होतं, पण खाल्लेल्यापैकी सरासरी ४७ टक्के त्यांनी लिहिलंच नव्हतं. खोटारडी नव्हती माणसं. नजरेतून सुटतंच.
गोदाकाठ, दोन प्रश्न. भाजीतलं तेल ॲपमध्ये लिहिता का? आणि घरात तेलाचा कॅन किती दिवस जातो?

गोदाकाठ (धागाकर्ता)
तेल वेगळं कोण लिहितं? 'भेंडीची भाजी, एक वाटी' टाकतो, ॲप जो आकडा देईल तो घेतो. खरं सांगायचं तर आकड्यांची यादी येते, त्यातला कमीचा निवडतो.
कॅनचं बायकोला विचारलं. पाच लिटरचा, महिनाभर जातो. घरात चार माणसं. तिनं विचारलं, "आता तेलावर पण चर्चा चाललीय का तुमची?"

जमाखर्च
पाच लिटर म्हणजे साडेचार किलोच्या थोडं वर. भागिले ३०, भागिले ४, माणशी रोज ३८ ग्रॅम. ग्रॅमला नऊ कॅलरी, ३४२. भाजीत दाण्याचं कूट दोन चमचे पडत असेल तर आणखी ८० धरा. सापडले तुमचे सव्वाचारशे.
तेव्हा साहेब, तुम्ही १२०० खातच नाही. १६०० च खाताय. ॲपनं सांगितलं तेवढंच, फक्त तुम्हाला ते माहीत नव्हतं.

पासधारक_नाशिकरोड
म्हणजे उपाशी नाहीत, वीर नाहीत, नुसते भेंडीत फसले. धागा बंद करा आता.

गोदाकाठ (धागाकर्ता)
थांबा हो. फोडणीचं सगळं तेल काही पोटात जात नाही. तळणीचं थोडं टाकून देतो, थोडं कढईला राहतं. ३४२ चे ३०० धरा फार तर.
पण कढईला पोळी पुसून खाणारा मीच आहे, हेही कबूल करतो.

सिडकोची_मावशी
मघाशी गंमत केली, आता खरं लिहिते. धागाकर्त्यांचा हिशोब चुकला म्हणून ते वाचले. माझा चुकला नव्हता.
मागच्या वर्षी भावाचं लग्न होतं. येवल्याहून पैठणी आणली, आईचाच जुना ब्लाउज घालायचा होता. ॲपनं १२०० सांगितले, मी ९०० वर राहिले. तेल चमच्यानं मोजून, भाकरीचं पीठ काट्यावर ठेवून. चार महिन्यांत ९ किलो. ब्लाउज बसला, फोटो झकास आले. तिसऱ्या महिन्यापासून न्हाणीच्या जाळीवर केसांचे पुंजके, पाळी दोनदा चुकली, आणि थंडीत बोटं अशी गार की पोळ्या लाटताना पिठाचा स्पर्श कळायचा नाही. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, लोह कमी निघालं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आधी जेवायला लागा, मग बोलू." केस परत आले, किलोही पाच परत आले.
जमाखर्च, तुमचं गणित बरोबर आहे. पण नीट मोजणाऱ्या बाईला तुम्ही 'तेल सुटलं असेल' म्हणालात तर ती आणखी शंभर कमी करेल. मी तेच केलं होतं.

जमाखर्च
हे मान्य. पुरुषाच्या ताटाचा हिशोब बाईला लावू नये. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या आकड्यांत बैठं काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला २११०, ५५ किलोच्या स्त्रीला १६६०. त्यातून ४०० वजा करणं दोघांना सारखं नाही.

आडवा_प्रश्न
सगळे घाबरवायलाच बसलेत. ब्रिटनमधला 'डायरेक्ट' नावाचा अभ्यास, २०१७. मधुमेहींना तीन ते पाच महिने रोज साडेआठशेच्या आत, नुसती सूप आणि शेक. वर्षअखेरीला ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधाविना ताब्यात. काय बिघडलं कोणाचं? कमी खाणं वाईट नाही, अर्धवट खाणं वाईट. त्या शेकमध्ये प्रथिनं, जीवनसत्त्वं मोजून घातलेली होती. तुम्ही लोक चहा-पोह्यांवर तेच करायला जाता.

गोल्फक्लब_काका
त्या अभ्यासात पहिल्याच दिवशी मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या होत्या, ते लिहायचं राहिलं तुमचं. मी ६१ चा. साखरेसाठी ग्लिमेपिराइड सुरू. पोरीनं फोनमध्ये ॲप घालून दिलं, मी उत्साहानं १३०० वर आलो, गोळी तेवढीच. गेल्या महिन्यात सकाळी सहाला गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर तिसऱ्या फेरीला हात थरथरायला लागले. एवढी थंडी, आणि घामानं स्वेटर आतून ओला. शब्द सापडेनात. साखर उतरलीय हे बाहेरच्या चहावाल्यानं ओळखलं, ग्लासात तीन चमचे साखर ढवळून पाजली. नंतर डॉक्टरांनी गोळी निम्मी केली, म्हणाले, ताट कमी करायच्या आधी मला विचारायचं होतं. मधुमेहाची दुसरी गोळी, मेटफॉर्मिन, एकटी सहसा असं करत नाही, पण माझी गोळी आणि इन्सुलिन करतं.
ॲपनं वय विचारलं, उंची विचारली. गोळी कोणती, ते नाही विचारलं.

आडवा_प्रश्न
काका, हे बरोबर. गोळ्यांचं मी लिहायला हवं होतं.

तालीमवाला
प्रथिनांचा मुद्दा मी सोडत नाही. १६०० असो की १२००, पोह्यांऐवजी मोड आलेली मटकी किंवा दोन अंडी, रात्री हुलग्याचं पिठलं. चिडचिड निम्मी होईल, लिहून देतो.

गोदाकाठ (धागाकर्ता)
चिडचिडीचं बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "१६०० खाऊन एवढी, तर १२०० खाल्ले असते तर काय केलं असतं?"
माझी हायवेची पाटी मागे घेतो. स्पीडोमीटरच बंद होता. आजपासून तेल लिहितोय आणि १६०० च ठेवतोय. रात्री ॲपवर शिल्लक २५ दिसली. खरं सांगू का, ४०० बघायला बरं वाटायचं.

जमाखर्च
नवा कॅन कधी उघडला?

गोदाकाठ (धागाकर्ता)
दोन तारखेला. मार्करनं कॅनवरच लिहून ठेवलंय. बायको विचारतेय, संक्रांतीच्या गुळपोळीवरचं तूप यातच धरायचं की वेगळं?

जमाखर्च
वेगळं खातं.