फ्लॅटमध्ये ड्रम्स वाजवायला रॉड्स घेऊ का, आणि घेतले तर कुठले?

इंदिरानगर_बीट:
मंडळी, इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो, अकूस्टिक ड्रम किट आहे, ५ए (मधल्या जाडीच्या) स्टिक्सने वाजवतो. खालचे काका वर येऊन बोलून गेलेत आणि आता सोसायटीच्या ग्रुपवरपण विषय निघालाय (गणपतीत हेच काका ढोलपथकापुढे नाचत असतात ते सोडा). त्यात पुढच्या महिन्यात गंगापूर रोडला एका छोट्या कॅफेत अनप्लग्ड वाजवायचंय. आवाज कमी व्हावा म्हणून स्टिक्सऐवजी काड्यांची जुडी बांधलेले रॉड्स घ्यावे म्हणतोय, पण कुठे १९ काड्या, कुठे ७, कुठे प्लास्टिकच्या, डोकं आउट झालं. काय घेऊ?

घोस्टनोट:
कॅफेसाठी डोळे झाकून १९ वाले घे, प्रोमार्क कंपनीचे हॉट रॉड्स तसेच आहेत, बर्च लाकडाच्या काड्यांचे. काड्या बारीक आणि जास्त असल्या की आवाज मऊ आणि पसरट येतो, ७ जाड काड्यांचे जवळपास स्टिकसारखेच ठोकतात, मग एवढ्याशा जागेत त्यांचा फायदा काय. एक मात्र आहे, रिबाउंड (उसळी) कमी मिळतो, डबल्स (एकाच हाताचे लागोपाठ दोन ठोके) मनगटाने काढावे लागतात, आणि राइडवर (ठेका धरायच्या मोठ्या सिम्बलवर) टिपचा तो टिंग येत नाही, नुसता वॉश (पसरट सळसळ). काही रॉड्सना रबरी रिंग असते ती पुढे सरकवली की जुडी घट्ट होते आणि आवाज वाढतो, मागे घेतली की सैल. रिमशॉट (ड्रमची कड आणि पडदा एकदम ठोकणं) आणि क्रॅश सिम्बलच्या कडेवर जोरात मारणं बंद कर, तिथेच काड्या तुटतात. क्रॉसस्टिकला (ड्रमवर आडवा ठेवून कडेवर ठोकताना) रॉड उलटा धर.

ताशा_पंचवटी:
विकत कशाला घेतो भाऊ, घरी कर. बार्बेक्यूच्या बांबूच्या काड्या आण, टोकं कापून नीट पॉलिश पेपर मार नाहीतर हेडला (ड्रमच्या पडद्याला) भोकं पडतील, मुठीकडे बॅडमिंटनची ग्रिप गुंडाळ, आणि सायकलच्या ट्यूबची रिंग कापून वर चढव. बर्चएवढा टिकणार नाही, पण रॉड हाताला जमतोय का ते तरी कळेल.

स्लॅबखाली:
किकबद्दल (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमबद्दल) कोणीच बोलत नाहीये. हातात रॉड घेतला तरी पायाच्या पेडलवरचा बीटर (ठोकणारा गोळा) तसाच आपटणार, आणि काकांना त्रास होतोय तो बहुतेक त्याचाच, कारण ती धडधड स्लॅबमधून खाली जाते. किकमध्ये जुनी रजई कोंब, फेल्टचा बीटर लाव, किटखाली जाड रबर मॅट टाक. तरीपण खरं सांगू का, रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्री १० नंतर ४५, अख्खं किट रॉड्सने वाजवलं तरी खोलीतला आवाज त्याच्या कितीतरी वर असतो. घरी मेश (जाळीचे) हेड्स आणि भोकांवाले लो व्हॉल्यूम सिम्बल्स लाव आणि नेहमीच्या स्टिक्सने वाजव. मेशवर रॉड्स नको, तुटक्या काड्यांची टोकं जाळीत अडकून हेड फाटतं.

इंदिरानगर_बीट:
किकचं डोक्यातच नव्हतं राव. मग घरी मेश आणि कॅफेला १९ वाले. एकदोन गाणी एकदम स्लो आहेत, त्यांना ब्रशेस (तारांचे) घेऊ का?

घोस्टनोट:
घे की, रॉड्सपेक्षाही हळू वाजतात. फक्त स्नेअरवर (समोरच्या छोट्या ड्रमवर) कोटेड (खरखरीत) हेड आहे ना ते बघ, क्लिअर (गुळगुळीत) हेडवर ब्रश घासला तर फारसं काही ऐकू येत नाही.