कानद खोऱ्यातली वरकस जमीन, देशी जंगल आणि कार्बनचा करार – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यात, तोरण्याच्या पायथ्याच्या कानद खोऱ्यात आमची साधारण २२ एकर वरकस (चढावरची, हलक्या मातीची) जमीन आहे. सामाईक आहे. सातबाऱ्यावर नऊ नावं, त्यातले दोघे वारले आणि वारसनोंद अजून व्हायची आहे. आजोबांच्या वेळी तिथे आलटून पालटून नाचणी-वरी व्हायची, भाताच्या राबासाठी (रोपवाटिकेची जमीन भाजायला) ऐन-किंजळाची कवळं, म्हणजे पाल्याच्या फांद्या, तोडायचे. पुढे घरातले सगळे पुण्या-मुंबईला आले, चढावरची शेती सुटली. आता नुसतं गवत, आणि होळी झाली की कुठून तरी वणवा येतो.

मला तिथे जंगल परत आणायचं आहे. आमच्याच ओढ्याच्या घळीत अर्ध्या एकराची जुनी राई उरली आहे. जांभूळ, अंजन, दोन रायवळ आंबे आणि दोघांच्या कवेत न मावणारा एक बेहडा. ओलाव्यामुळे वणवा तिथे शिरत नाही. ती राई हळूहळू वर चढावी, एवढीच माझी इच्छा आहे.

पण राखण फुकट होत नाही. जाळरेषा (वणवा अडवायला गवत साफ केलेले पट्टे) काढायच्या, उन्हाळ्याचे चार महिने गावातला माणूस ठेवायचा, निदान काही वर्षं गुरं आवरायची, म्हणजे गुराख्यांनाही कापलेलं गवत द्यायचं. दुसरीकडे प्लॉटिंगवाले दर महिन्याला धाकट्या काकांना फोन करतात. म्हणून एका कंपनीने कार्बन क्रेडिटचा (झाडांनी शोषलेला कार्बन मोजून त्याची विक्री करायचा) प्रस्ताव आणला तेव्हा मला खरंच आधार वाटला. ४० वर्षांचा करार, लागवड त्यांची, पहिली तीन वर्षं एकरी ठरावीक रक्कम, नंतर क्रेडिटच्या विक्रीत वाटा. काका तयार आहेत. अडलोय तो मी.

कारण असं. त्यांचा माणूस जमीन बघायला आला आणि म्हणाला, "आधी ही झुडपं साफ करून घेऊ." मग तीन बाय तीन मीटरवर ओळीत खड्डे, म्हणजे एकरी साडेचारशे रोपं, आणि त्यात बहुतेक लवकर वाढणारी. ज्याला तो झुडपं म्हणाला ती गेळा, कुडा, भोमा, धायटी. मागच्या रविवारी मी एकटाच गेलो आणि गवत बाजूला सारत चाललो. हिरड्याचा एक खुंट सापडला, जेवणाच्या ताटाएवढा. त्याच्या कडेने सात फुटवे आलेले. दोघांचे शेंडे गेल्या वणव्यात करपून काळे पडलेले, आणि त्याच करपलेल्या काडीच्या खालून पुन्हा नवी पालवी, माझ्या गुडघ्याएवढी. त्याच चढावर ऐनाचे, कुंभ्याचे असे अकरा खुंट मोजले. वर्षानुवर्षं जळून, चरून, तुटूनही मुळं जिवंत आहेत. नव्या रोपाला तेवढी मुळं धरायला किती वर्षं लागतील? ती खणून काढून तिथे नर्सरीची पिशवी लावायची, हे मला पटत नाही.

तेव्हा जाणकारांनी सांगावं. फुटव्यांतून आलेलं जंगल कार्बनच्या हिशेबात धरतात, की लावलेलंच झाड लागतं? झुडपं काढावीच लागतात का? मसुद्यात "जमिनीवरील व जमिनीखालील सर्व कार्बनवर कंपनीचा हक्क" असं वाक्य आहे, त्यात घळीतली राईही जाते का? आणि गावात सगळे म्हणतात, "झाडं वाढली की फॉरेस्ट लागतं, जमीन गेली समजा." म्हणजे वनखातं जमीन घेतं. यात तथ्य किती?

प्रतिसाद १

कार्बन प्रकल्पांच्या मोजणीचं काम केलं आहे, त्यावरून सांगतो.

फुटवे धरतात. व्हेरा या कार्बन क्रेडिट प्रमाणित करणाऱ्या संस्थेच्या नियमांत लागवड, बी पेरणं आणि माणसाने मदत करून आणलेली नैसर्गिक वाढ, तिन्ही बसतं. कंपनीला पहिला प्रश्न हाच विचारा की कोणती पद्धत वापरणार. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेली व्हेराची व्हीएम००४७ ही मोजणीची पद्धत असेल, तर तिच्या क्षेत्रावर आधारित प्रकारात तुमच्या जमिनीची तुलना आसपासच्या तशाच जमिनींशी करतात. बाहेरचे डोंगर जळत राहिले आणि तुमच्याकडे राखणीमुळे झाडोरा चढला, तर तो फरक तुमचा. सगळं खोरंच आपोआप हिरवं झालं तर क्रेडिट कमी. हे आधीच काकांच्या कानावर घाला.

झुडपं काढू देऊ नका. प्रकल्प सुरू होण्याआधीच्या १० वर्षांत तिथली मूळ नैसर्गिक वाढ तोडलेली नसावी, अशी अटच आहे. परतणारं जंगल साफ करून त्याच जागी लागवड दाखवली तर प्रकल्पच अडचणीत येऊ शकतो.

लवकर वाढणाऱ्या झाडांबद्दल: एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. सुक्या लाकडात साधारण निम्मा कार्बन असतो, म्हणजे एक टन सुक्या लाकडामागे १.८ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. हिशेब वजनाचा आहे, उंचीचा नाही. ऐन-अंजनाचं लाकूड जड असतं. पहिल्या दहा वर्षांत मागे पडतील, पण तुमचा करार ४० वर्षांचा आहे ना?

राई कराराबाहेर ठेवा. ती आधीपासून उभी आहे, तिचं नवं क्रेडिट होत नाही. नकाशावर तिची हद्द आखून मगच सही. वणव्यात झाडं गेली तर भरपाई कोणाच्या माथी, हेही लिहून घ्या. प्रत्येक प्रकल्पाची काही क्रेडिटं अशा नुकसानीसाठी राखीव ठेवतात. ती कोणाच्या वाट्यातून जाणार, ते विचारा.

प्रतिसाद २

गावकऱ्यांची भीती उगाच नाही, पण तिचं मूळ जुनं आहे. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम १९७५ मुळे ३० ऑगस्ट १९७५ रोजी असलेली खाजगी वनं सरकारजमा झाली. अनेकांना ते फार उशिरा, सातबाऱ्यावर शेरा आल्यावर कळलं. तुमच्या गटाचे जुने फेरफार काढा आणि तसा काही उल्लेख आहे का ते आधी बघा. त्या तारखेनंतर झाडं वाढली म्हणून जमीन त्या कायद्याखाली आपोआप सरकारजमा होत नाही.

वन संवर्धन कायद्यात (वनजमिनीचा वापर बदलायला केंद्राची परवानगी लागते तो) २०२३ मध्ये बदल झाला. नोंदलेल्या वनाबाहेरच्या जमिनीवरची लागवड त्यातून वगळली, पण सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२४ मध्ये अंतरिम आदेश देऊन "वन" शब्दाचा कोशातला अर्थच (नोंद नसली तरी जंगल असेल ते वन) तूर्त कायम ठेवला. त्यामुळे आजचा सातबारा, फोटो आणि मोजणीचा नकाशा तारखेनिशी जपून ठेवा. शिवाय हिरडा, ऐन, किंजळ, आंबा, जांभूळ ही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतली झाडं आहेत. उद्या एखाद्या भावाला तोडायची झाली तर परवानगी लागेल. सगळ्या हिस्सेदारांना हे आत्ताच सांगा.

वारसनोंद झाल्याशिवाय सही नको. कुलमुखत्यारपत्र मागितलं तर देऊ नका.

आणि पुण्याची एईआरएफ (अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन) ही संस्था बघा. संगमेश्वर भागात खाजगी जंगलमालकांशी तोड न करण्याचे करार आणि भीमाशंकर परिसरात हिरडा-बेहड्याची प्रमाणित खरेदी, अशी त्यांची कामं आहेत. कार्बनशिवायही वाट आहे.

धागालेखक

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री काकांना सगळं वाचून दाखवलं. झुडपं तोडायची नाहीत, हे ते मान्य करतात. राईची हद्द आणि वणव्याचं कलम, या दोन गोष्टी कंपनीकडून लेखी मागितल्या आहेत. वारसनोंदीचा अर्ज सोमवारी देतोय.

करार होवो न होवो, यंदाची जाळरेषा आम्ही स्वतःच्या खर्चाने काढणार आहोत. दक्षिणेची बाजू आणि गाडीवाटेची कड, मिळून अंदाजे सहाशे मीटर. कानद किंवा गुंजवणी खोऱ्यातलं असं काम घेणारी माणसं कोणाच्या ओळखीत असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. होळीच्या आधी पट्टा साफ व्हायला हवा.