बी-४०२ आणि गॅसचा वास

बी-४०३: काल रात्री पॅसेजमध्ये पुन्हा गॅसचा वास! बी-४०२ च्या शेगडीचा नॉब अर्धा उघडा, आजी आत टीव्ही बघतायत. कोविडनंतर त्यांना वास येत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. कमिटी कधी जागी होणार?

ए-१०१ काका: कापूर-ओवा-लवंगेची पुरचुंडी हुंगायला द्या. नाक मोकळं होतं.

सी-६०४ डॉक्टर: काका, नाक चोंदलेलं नाहीच. विषाणू वास टिपणाऱ्या पेशींना आधार देणाऱ्या पेशींवर हल्ला करतो. म्हणून सर्दी नसतानाही वास अचानक जातो. बहुतेकांचा काही आठवड्यांत येतो, काहींचा महिनोन्‌महिने येत नाही.

बी-४०२ (सून): आईंना आता वास येतो, पण भलताच. कांद्याची फोडणी, कॉफी कुजकी लागते. जेवत नाहीत.

सी-६०४ डॉक्टर: याला पॅरोस्मिया म्हणतात. मज्जातंतू नव्याने जोडले जाताना होतं. गरम जेवणाला वास जास्त, म्हणून कोमट किंवा गार द्या. दहीभात, काकडी, फळं. फोडणीत कांदा-लसूण नको. चव लागत नाही म्हणून मीठ वाढवू नका, बीपी आहे ना त्यांना?

ए-१०१ काका: कापूर-ओवा-लवंगेची पुरचुंडी.

सी-६०४ डॉक्टर: काका, कापूर झोंबतो तो वेगळ्या मज्जातंतूला. झोंबलं म्हणजे वास परत आला असं नाही.

ए-१०१ काका: मग लवंग? तीही खोटी का?

सी-६०४ डॉक्टर: लवंग हवीच, पण एकटी. सगळं एकत्र मिसळलं की वेगळं ओळखायचा सराव होत नाही. ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडलेली पद्धत: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. चार काचेच्या बाटल्या, प्रत्येकीत कापसाच्या बोळ्यावर ४-५ थेंब तेल. नाकात घालायचं नाही! झाकण काढून २० सेकंद हलकेच हुंगा, तो वास कसा होता ते आठवा, थोडं थांबून पुढची. सकाळ-संध्याकाळ, किमान १२ आठवडे. लोक पंधरा दिवसांत सोडतात, तिथेच बिघडतं. बोळे अधूनमधून बदला.

बी-२०१: आणि गॅस गळला की वाजणारा डिटेक्टर लावायचा तर खर्च कोण देणार? टेरेसच्या लिकेजचे पैसे ए विंगने अजून दिले नाहीत.

ए-३०५: टेरेस इथे कुठून आलं?

डी-५०२: डिटेक्टर लावाल तर नीट लावा. बी विंगला पाइपचा गॅस, हवेपेक्षा हलका, म्हणून छताखाली फूटभरात. सी विंगला सिलिंडर, तो गॅस जड, म्हणून जमिनीपासून फूटभर उंचीवर. उलटं लावलं की अलार्म उशिरा वाजतो. वास आला तर स्विचला हात नको, खिडक्या उघडा, मेन व्हॉल्व्ह बंद.

बी-४०२ (सून): रात्री मेन व्हॉल्व्ह मीच बंद करते आजपासून. दूध-आमटी नासली का, तेही त्यांना कळत नाही.

सी-६०४ डॉक्टर: डब्यावर तारीख लिहा. आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच, ताई. स्टिरॉइडच्या गोळ्या मनाने नकोत.

सेक्रेटरी: बी-४०२ चा डिटेक्टर सोसायटी फंडातून, उद्याच. टेरेस रविवारच्या सभेत.

बी-२०१: गेल्या सभेतही हेच म्हणालात.