मदत हवी आहे: केबल-मोटार चोरीचे ठाणेनिहाय आकडे मागायचे कसे? (तासगाव तालुका, जि. सांगली)

येरळाकाठ:

नमस्कार मंडळी. माहिती अधिकाराचा अनुभव असलेल्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं ही विनंती. पोलीस खात्यात नोकरी केलेलं कुणी असेल तर फारच बरं होईल.

आमचं गाव तासगाव तालुक्यात. बागायत द्राक्षाची, पाणी विहिरीचं आणि बोअरचं. गेल्या वर्षभरात शिवारातून मोटारींच्या केबली कापून न्यायचा सपाटाच लागलाय. रात्री कापतात, ओढ्याच्या कडेला नेऊन जाळतात आणि तांबं काढून घेतात. सकाळी तिथं रबराची काळी वेटोळी आणि करपलेलं गवत एवढंच उरतं. बाग फुलोऱ्यात असताना केबल गेली की ड्रिप बंद, फवारणीलाही पाणी नाही. त्या दिवसांत डावणी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) शिरली तर वर्षाचं पीक हातचं जातं. केबलची किंमत त्यापुढे काहीच नाही.

चुलत भावाची केबल गेली तेव्हा मी त्याच्याबरोबर ठाण्यात गेलो होतो. ठाणे अंमलदारांनी साध्या कागदावर अर्ज लिहून घेतला, आवकचा शिक्का मारून पोच दिली आणि "बघतो" म्हणाले. गुन्हा दाखल नाही. पुन्हा पाठपुरावा केला तेव्हा अदखलपात्र म्हणून नोंद झाली. तिच्यात लिहिलंय, "जुनी वापरती केबल, अंदाजे किंमत ४,५०० रुपये." नवी केबल आम्हाला १८ हजारांना पडली, पावती आहे.

हा ४,५०० चा आकडा नीट बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या. त्यांत ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची साधी चोरी अदखलपात्र आहे. म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत. किंमत ५,००० च्या खाली लिहिली की चोरीचा गुन्हा होत नाही, गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) पडत नाही आणि महिन्याच्या आकड्यात ती चोरी कुठंच दिसत नाही. एकट्या भावाच्या बाबतीत असं झालं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण शिवारातल्या बऱ्याच जणांकडं नुसत्या अर्जाच्या पोचा आहेत. कुणाकडं तेवढंही नाही, कारण "जाऊन काय होणार" म्हणून ते गेलेच नाहीत.

पुढं ग्रामसभेत विषय निघाला, रात्रीची गस्त वाढवा म्हणून. आलेल्या साहेबांनी शांतपणे सांगितलं की या बीटमध्ये चोऱ्यांचं प्रमाण कमी झालंय. ते खोटं बोलत होते असं मी म्हणत नाही. त्यांच्या कागदावर ते कमीच असणार. माझं म्हणणं एवढंच की तो कागद भरतो कसा, हे आम्हाला कळलं पाहिजे.

म्हणून मी माहितीचा अर्ज टाकला: मागच्या तीन वर्षांत या ठाण्यात केबल, मोटार, स्टार्टर चोरीच्या किती तक्रारी आल्या, त्यांपैकी किती गुन्हे दाखल झाले, किती अदखलपात्र झाल्या, कितींची उकल झाली. उत्तर आलं की माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही, आणि काही प्रकरणं तपासावर असल्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(एच) नुसार (तपासात अडथळा येण्याचं कारण) देता येत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल चाळला. तो राज्यांची आणि २० लाखांवरच्या शहरांची तुलना करतो. आमच्या ठाण्याची हद्द त्यात कुठून सापडणार? शिवाय त्यातली मोजणी दाखल गुन्ह्यांची. एका एफआयआरमध्ये चार कलमं असली तरी सर्वांत गंभीर तेवढंच मोजतात. अर्जाच्या पातळीवर अडकलेली चोरी त्या पुस्तकापर्यंत पोचतच नाही.

मला विचारायचंय ते असं. अपील करू की नव्यानं, वेगळ्या शब्दांत अर्ज टाकू? ठाण्यात नक्की कोणकोणती रजिस्टरं असतात, ज्यांची नावं घेऊन मागणी केली तर "संकलित नाही" म्हणता येणार नाही? आणि भावाच्या प्रकरणात आता गुन्हा दाखल होऊ शकतो का?

एक गोष्ट आधीच सांगतो. २०१७ च्या नोव्हेंबरात सांगली शहर ठाण्याच्या कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला आणि मृतदेह आंबोलीत नेऊन जाळल्याचं बाहेर आलं, ते आपल्याकडं कुणी विसरलेलं नाही. आमची वयस्कर माणसं अजूनही ठाण्याची पायरी चढायला कचरतात, घरची पोरं पुढं झाली तर त्यांना मागं ओढतात. त्यामुळं "सगळ्यांनी मिळून ठाण्यावर मोर्चा काढा" हा सल्ला कृपया नको. कागदानं होईल ते सांगा.

मिरज_जंक्शन:

वकिली करते, त्यामुळे आधी भावाचं बघू.

केबल नेमकी कुठून गेली? उघड्या विहिरीवरून गेली असेल तर न्याय संहितेचं कलम ३०३ लागतं आणि तिथे ५,००० ची मर्यादा येते. पण स्टार्टर किंवा केबल मोटारीच्या खोलीतून नेली असेल, तर माल ठेवण्यासाठी वापरलेल्या इमारतीतली चोरी म्हणून कलम ३०५ लागतं. ते दखलपात्र आहे, ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तिथे किमतीचा प्रश्नच येत नाही. पंचनामा झाला नसेल तर खोलीचे फोटो काढून ठेवा, कुलूप किंवा कडी तोडली असेल तर ती तशीच राहू द्या.

विहिरीवरूनच गेली असेल तर किमतीवर भांडा. १८ हजार नव्या केबलचे आहेत, जुनीची घसारा धरून किंमत कमी होणार हे मान्य करा, पण किती कमी? जुन्या केबलची पावती, लांबी, आणि तेवढ्या तांब्याचं मोडीच्या भावाने काय होतं एवढं लिहून द्या. चोर ती मोडीच्याच भावाने विकतो. नुसत्या तांब्याचे पैसे ५,००० वर जात असतील तर ४,५०० कुठून आले हे त्यांना सांगावं लागेल.

हे सगळं जोडून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने तक्रार पाठवा. त्यांनीही काही केलं नाही तर कलम १७५(३) खाली मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. तिथे शपथपत्र लागतं आणि एसपींकडे अर्ज केल्याचा पुरावा लागतो, म्हणून पोच जपून ठेवा. दखलपात्र गुन्हा उघड दिसत असेल तर एफआयआर घेणं बंधनकारक आहे, हे सुप्रीम कोर्टाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्येच सांगितलंय. नव्या संहितेत ३ वर्षं किंवा जास्त, पण ७ वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत १४ दिवसांच्या प्राथमिक चौकशीची मुभा आहे, पण तीही डीवायएसपींच्या परवानगीने. महिनोन् महिने अर्ज चौकशीवर ठेवायची मुभा कुठेही नाही.

जुना_अंमलदार:

मी खात्यातून निवृत्त झालोय, बरीच वर्षं शेजारच्या सातारा जिल्ह्यात काढली. बोलायला थोडं जड जातंय, पण तुमचं म्हणणं खरं आहे.

प्रभारी अधिकारी दर महिन्याला एसपी साहेबांच्या क्राइम मीटिंगला जातो. तिथं मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना होते. गुन्हे वाढले आणि उकल घटली तर उभं करून विचारतात. केबल चोरीची उकल जवळजवळ होतच नाही. तांबं एकदा भट्टीत गेलं की कुणाचं ते ओळखणार कसं? म्हणजे असे गुन्हे दाखल करून घेतले की त्याचा टक्का पडतो. मग अर्ज "चौकशीवर" राहतो. मोबाईलचंही तेच, चोरीला गेलेला फोन "गहाळ" होतो. माणसं वाईट असतात म्हणून हे घडत नाही. मोजमापच तसं ठरवलंय.

आता रजिस्टरं. दाखल गुन्ह्यांचं गुन्हा रजिस्टर, भाग १ ते ५ (न्याय संहितेचे गुन्हे) आणि भाग ६ (इतर कायद्यांचे). तुमची चोरी १ ते ५ मध्ये यायला हवी. अदखलपात्रचं वेगळं रजिस्टर. ठाणे दैनंदिनी. आवक बारनिशी, म्हणजे आलेल्या कागदांची नोंदवही. आणि तुम्हाला खरं हवंय ते अर्ज चौकशीचं रजिस्टर: अर्ज कधी आला, कोणत्या अंमलदाराकडं दिला, निकाली कसा काढला. या अर्जांच्या निर्गतीचं मासिक विवरण वर जातं. शिवाय जे गुन्हे दाखल होऊन उकल न होता बंद झाले त्यांची "अ समरी" असते, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही. तो आकडाही मागा.

हात जोडून एक सांगतो. आकडे मिळाले की ज्या ठाण्यात गुन्हे जास्त दिसतील त्याला झोडपू नका. बऱ्याचदा तेच ठाणं तक्रार प्रामाणिकपणे घेत असतं. अर्ज आणि गुन्हा यांतलं अंतर बघा. पेपरवाल्यांनाही हे समजावून सांगा, नाहीतर पुढच्या वेळी तोही अधिकारी दाखल करायचं बंद करेल.

कृष्णाघाट:

अर्जाच्या शब्दांबद्दल लिहितो, मी हे काम करतो.

"किती तक्रारी आल्या" असं विचारलं की त्यांना मोजून द्यावं लागतं. नसलेली माहिती तयार करून द्यायचं बंधन नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात म्हटलंय. तिथेच तुम्हाला अडवतात. म्हणून आकडा मागू नका, कागद मागा. वर अंमलदार साहेबांनी सांगितलेल्या रजिस्टरांची नावं घालून, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या प्रती किंवा अवलोकन.

आणि एक कागद तर तयारच असतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ नुसार अदखलपात्र प्रकरणांचा दैनंदिनी अहवाल दर पंधरवड्याला मॅजिस्ट्रेटला पाठवावा लागतो. जुन्या कायद्यात हे नव्हतं. त्या पंधरवडा अहवालांच्या कार्यालयीन प्रती मागा. "संकलित नाही" हे उत्तर तिथे चालणारच नाही. एक तर संकलित आहे, नाहीतर अहवाल पाठवलेच नाहीत, आणि मग तो वेगळा प्रश्न झाला.

महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द असा नियम आहे, म्हणून अर्ज रजिस्टर एका अर्जात, अदखलपात्र दुसऱ्यात. नावं, पत्ते, फोन नंबर झाकून द्या असं स्वतःच लिहा. व्यक्तिगत माहितीचं कलम डीपीडीपी (डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण) कायद्याने आणखी घट्ट केलंय, ते कारण हातात देऊ नका. तपासाच्या कारणावर दिल्ली हायकोर्टाचा भगतसिंग प्रकरणातला २००७ चा निकाल जोडा: तपास चालू आहे एवढं पुरत नाही, माहिती दिल्याने अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं. चोऱ्यांची संख्या सांगून कुठल्या तपासात अडथळा येतो?

पहिलं अपील उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत, ते सोडू नका. नवा अर्ज त्याच्या जोडीला टाका. दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे, पण तिथे नंबर लागायला फार वेळ जातो, म्हणून भरवसा नव्या अर्जावर ठेवा.

तोवर घरबसल्या एक करा. सुप्रीम कोर्टाच्या ७ सप्टेंबर २०१६ च्या आदेशामुळे संवेदनशील प्रकरणं सोडून एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावे लागतात. महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर जिल्हा, ठाणं, तारीख टाकून बघता येतात. तुमच्या ठाण्याचे चोरीचे एफआयआर तिथून उतरवून घ्या, आणि गावातल्या पोचांची यादी शेजारी मांडा.

येरळाकाठ:

तिघांचेही मनापासून आभार. पंधरवडा अहवालाचं मला माहीतच नव्हतं.

मिरज_जंक्शन ताई, भावाला विचारलं. केबल विहिरीवरची गेली, पण स्टार्टरच्या पेटीतला फ्यूज आणि आतली वायरही गेलीय, आणि पेटी पत्र्याच्या खोलीत आहे. अर्ज लिहून घेताना ते कुणी विचारलं नाही. खोलीचा कोयंडा वाकलेला आहे, फोटो काढलेत. एसपींकडचा अर्ज या आठवड्यात पोस्टात टाकतो, मसुदा तुम्हाला निरोपात पाठवू का?

जुना_अंमलदार काका, तुमची विनंती ध्यानात ठेवतो. आसपासच्या ठाण्यांचेही अर्ज आणि गुन्हे दोन्ही मागवायचं ठरवलंय, म्हणजे एकाच ठाण्याकडं बोट राहणार नाही.

पोचांची यादी करायला ग्रामपंचायतीच्या ऑपरेटरनं संगणक देऊ केलाय. रकाने असे धरलेत: चोरीची तारीख, काय गेलं, ठाण्यात कधी गेलो, काय मिळालं (काहीच नाही / पोच / अदखलपात्र / एफआयआर), लिहिलेली किंमत, खरी किंमत. नावाच्या जागी फक्त क्रमांक. यात काही राहिलं असेल तर आत्ताच सांगा, रविवारी घरोघर जाणार आहोत. पलूस, कवठेमहांकाळ, खानापूरकडच्या कुणाला हाच तक्ता आपल्या गावात भरायचा असेल तर कळवा, कोरा नमुना पाठवतो.

कृष्णाघाट:

"का गेला नाहीत" हा रकाना घाला. जे ठाण्यात गेलेच नाहीत त्यांची नोंद तुमच्या तक्त्याशिवाय दुसरीकडे कुठेही होणार नाही.